माझा अनुभव: गावठी टर्की मिळवायला दोन वर्षं लागली

थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला टर्की (कोंबडीसारखा पण खूप मोठा पक्षी) खायचा सण, येतो नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, आणि आमच्याकडे गुरुवारी मांसाहार नाही. आमचं मूळ गाव कुडाळजवळ, सोमवार-गुरुवार-शनिवार पाळायचे. त्यामुळे पेनसिल्व्हेनियात राहायला आल्यापासून आमची टर्की कायम शुक्रवारी होते. ही गोष्ट आधीच सांगते, कारण पुढे बुकिंग करताना हाच एक दिवसाचा फरक खूप महत्त्वाचा ठरला.

सुरुवातीची काही वर्षं सुपरमार्केटची फ्रोझन टर्की आणायचो. स्वस्त मिळते, सणाच्या आठवड्यात तर फारच स्वस्त, पण लेबल नीट वाचलं तर त्यावर लिहिलेलं असतं की आत अमुक टक्के मिठाच्या पाण्याचं सोल्यूशन भरलंय. चव म्हणाल तर ओलसर कापूस. सासूबाई पहिल्यांदा इथे आल्या तेव्हा त्यांनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "अगं, हा बॉयलर आहे, फक्त मोठा." तो शब्द डोक्यात बसला. कारण बॉयलर असेल तर गावठी पण कुठेतरी असणारच ना! गावी आपण चांगल्या रश्शासाठी कुणाच्या तरी परसातला कोंबडा सांगून ठेवतो, इथे तसं कुणाकडे सांगायचं, इथून माझा शोध सुरू झाला.

2022 मधे मी ऑक्टोबरच्या शेवटी फोन करायला लागले. फार उशीर झाला होता. त्यात त्या वर्षी बर्ड फ्लूने हाहाकार केलेला, लँकेस्टर काउंटीत एप्रिलमधेच केसेस सापडल्या होत्या, त्यामुळे जिथे विचारावं तिथे संपलं हेच उत्तर. शेवटी एका फार्मवर मिळाली. त्यांच्या बोर्डवर "हेरिटेज ब्रॉन्झ" लिहिलेलं (हेरिटेज म्हणजे जुन्या जातीची), पाउंडाला 7 डॉलर, मी काहीही न विचारता पैसे भरले. हातात आला तो 23 पाउंडाचा पक्षी, छाती एवढी रुंद की ट्रेमधे मावेना. घेताना त्या माणसाला सहज विचारलं किती महिन्यांची आहे, तर म्हणाला 18 आठवडे. घरी येऊन रात्री वाचत बसले तेव्हा कळलं की 18 आठवड्यांत 23 पाउंड होणारी टर्की हेरिटेज असूच शकत नाही. ती होती ब्रॉड ब्रेस्टेड ब्रॉन्झ, म्हणजे पिसं जुन्या जातीसारखी काळपट-तांबूस पण अंगकाठी पूर्ण इंडस्ट्रीची. मी त्यांना लिहिलं, उत्तर आलं की आम्ही रंगीत पिसांच्या सगळ्यांनाच हेरिटेज म्हणतो. मला खूप वाईट वाटलं, पैशापेक्षा ह्याचं की जी माणसं खरोखर जुन्या जाती सांभाळतात त्यांच्याच नावावर हे विकलं जातं.

तर हा फरक नीट समजून घ्या, कारण फोनवर हाच विचारायचा असतो. दुकानातली टर्की म्हणजे ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट. पांढरी का, तर पिसं उपटल्यावर राहिलेली खुंटं कातडीवर काळी दिसत नाहीत म्हणून. तिची छाती एवढी वाढवलीय की नर-मादीचा नैसर्गिक संग होतच नाही, सगळी पैदास कृत्रिम रेतनाने. द लाइव्हस्टॉक कॉन्झर्व्हन्सी नावाची संस्था आहे, 1977 पासून जुन्या जातींवर काम करते, त्यांची हेरिटेजची व्याख्या तीन गोष्टींवर आहे. पक्षी स्वतः जोडी जमवून पिल्लं देणारे हवेत, बाहेरच्या वातावरणात बरीच वर्षं टिकणारे हवेत म्हणजे माद्या 5 ते 7 वर्षं आणि नर 3 ते 5 वर्षं पैदाशीला उपयोगी, आणि वाढ सावकाश हवी, साधारण 28 आठवडे. याच संस्थेने 1997 मधे मोजणी केली तेव्हा सगळ्या जुन्या जाती मिळून पैदाशीचे पक्षी 1500 पेक्षाही कमी उरले होते. अख्ख्या अमेरिकेत! जो पक्षी मूळचा इथलाच, मेक्सिकोत माणसाळलेला, तिथून स्पॅनिश लोकांनी युरोपात नेला आणि पुढे जहाजातून परत इकडे आला, त्याची ही गत. आणि तो आपल्याकडे पण फार आधी पोचला बरं का, 1612 मधे मुकर्रब खानाने गोव्याहून जहांगीर बादशहाकडे जे अजब प्राणी नेले त्यात टर्की होती, उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे. लेकीला ते दाखवलं तेव्हा तिला भारीच वाटलं.

2023 ला मी ठरवलं की मार्चपासूनच लागायचं. शनिवारच्या फार्मर्स मार्केटमधे अंडी विकणाऱ्या बाईंना विचारलं, त्यांनी दोन नावं सांगितली, तिसरं चीजवाल्याकडून मिळालं. तिघांनाही फोन केले.

पहिला फार्म सर्टिफाइड ऑर्गॅनिक. बोलायला अगदी मोकळे, सगळं सांगितलं. पिल्लू जन्मल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऑर्गॅनिक खाद्यच द्यावं लागतं, अँटिबायोटिक नाही, बाहेर फिरायला मिळालंच पाहिजे, दरवर्षी तपासणी होते. पण जात? ब्रॉड ब्रेस्टेड व्हाइट. इथे मला पहिल्यांदा लख्ख कळलं की ऑर्गॅनिक आणि हेरिटेज ह्या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत, ऑर्गॅनिक म्हणजे काय खायला घातलं आणि कसं वाढवलं, हेरिटेज म्हणजे जात कुठली, आणि एक आहे म्हणून दुसरं असेलच असं अजिबात नाही. दुसऱ्यांनी त्या वर्षी टर्की केल्याच नव्हत्या.

तिसरा फार्म आमच्या घरापासून पन्नास मिनिटं. नवरा-बायको दोघंच करतात, बर्बन रेड आणि नॅरागॅन्सेट अशा दोन जाती. सर्टिफिकेट नाही. मी स्पष्ट विचारलं, का नाही? बाई म्हणाल्या, खाद्य आम्ही ऑर्गॅनिकच आणतो, पण सर्टिफिकेटची फी आणि कागदपत्रं साठ-सत्तर पक्ष्यांसाठी परवडत नाहीत, तुम्ही या आणि खाद्याच्या गोणीवरचं लेबल स्वतः वाचा. हे उत्तर मला फार आवडलं. (वर्षाला 5000 डॉलरपेक्षा कमी ऑर्गॅनिक विक्री असेल तर सर्टिफिकेशनमधून सूट असते, पण त्यांची विक्री त्याच्या वर जाते, म्हणून त्या तो शब्द लेबलवर लावत नाहीत.) मग मी माझे बाकीचे प्रश्न विचारले: पिल्लं तुमच्याच पक्ष्यांची की हॅचरीची, किती आठवड्यांत कापता, कोंबड्या आणि टर्की एकाच जागेवर ठेवता का. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारा, कारण कोंबड्यांच्या जमिनीतून टर्कीला ब्लॅकहेड नावाचा रोग लागतो, आणि ज्यांना टर्की खरंच कळतात त्यांच्याकडे ह्याचं उत्तर लगेच तयार असतं. त्यांची कुरणं वेगळी होती.

लवकर का बुक करायचं ते पण त्यांच्याकडूनच कळलं. जुन्या जाती वसंतातच अंडी घालतात, उबवायला 28 दिवस, मग वाढायला 28 आठवडे, म्हणजे नोव्हेंबरचा पक्षी मेच्या सुरुवातीला अंड्यातून बाहेर आलेला हवाच. ब्रॉड ब्रेस्टेडची पिल्लं जुलैत आणली तरी चालतात. म्हणजे हेरिटेजवाल्याचा आकडा मेमधेच ठरतो आणि नंतर फक्त कमी होतो, कोल्हा नेतो, घुबड नेतं, पहिल्या आठवड्यात तर काही पिल्लांना खाणं-पाणी कुठे आहे तेच समजत नाही आणि ती तशीच मरतात. त्या बाई पाण्याच्या भांड्यात रंगीत चकचकीत गोट्या टाकून ठेवतात, पिल्लं चमकतंय तिकडे चोच मारतात आणि पाणी प्यायला शिकतात.

एप्रिलमधे 40 डॉलर डिपॉझिट भरलं. फॉर्मवर नेमकं वजन मागता येत नाही, स्मॉल-मीडियम-लार्ज एवढंच, मी मीडियम म्हणजे 11 ते 14 पाउंड घेतली आणि खाली लिहिलं की जमलं तर मादी द्या.

ऑगस्टमधे बघायला गेलो. बर्ड फ्लूमुळे गेटवरच बूट औषधाच्या पाण्यात बुडवायला लावले, पक्ष्यांच्या आत जायचं नाही, जाळीबाहेरून बघायचं. पण काय दिसत होते ते! बर्बन रेड म्हणजे गडद तांबडा, पंख आणि शेपटी पांढरी, केंटकीतल्या बर्बन काउंटीवरून नाव. अर्धे तर कुंपणाच्या खांबांवर चढून बसलेले, ह्या जाती चक्क उडतात. लेक जोरात हसली की सगळे नर एकदम गब्बल करून उत्तर द्यायचे, तिने वीस वेळा तरी तेच केलं. आणि नराचं तोंड बघता बघता निळ्याचं लाल होतं. सासूबाई जाळीशी बराच वेळ उभ्या होत्या, म्हणाल्या, "माती उकरतायत बघ. हे चांगलं खाणार."

आता दिवसाचा प्रश्न. 2023 ला थँक्सगिव्हिंग 23 नोव्हेंबरला आणि त्याच दिवशी कार्तिकी एकादशी! गुरुवार तर होताच, वर एकादशी. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, आधीच सांगून टाकलं, बारशीला सकाळी नैवेद्य दाखवून उपास सोडू, संध्याकाळी काय ते कर. म्हणजे शुक्रवार संध्याकाळ. ताजा पक्षी फ्रीजमधे एक-दोन दिवसच ठेवावा असं सांगतात, आणि फार्मचे पिकअप मंगळवार-बुधवार. मंगळवारचा घेतला असता तर शुक्रवारपर्यंत तीन दिवस झाले असते. म्हणून मी सप्टेंबरमधेच मेल करून बुधवारचा स्लॉट मागून घेतला, बुधवारसाठी कापलेलाच पक्षी द्याल ना हे पण विचारलं. आपले सण-वार सांभाळून करणाऱ्यांनी हे आधीच बोलून ठेवा, शेवटच्या आठवड्यात त्यांना फोन उचलायला पण वेळ नसतो.

बुधवारी पावसात कूलर आणि बर्फ घेऊन गेलो. मादी, 12.4 पाउंड, पाउंडाला 11 डॉलर, म्हणजे 136 डॉलर 40 सेंट, डिपॉझिट वजा जाऊन 96.40 भरले. महाग आहेच. पण अठ्ठावीस आठवड्यांचं खाद्य आणि राखण त्यात आहे हे मी डोळ्यांनी बघितलं होतं, त्यामुळे देताना अजिबात जड वाटलं नाही. दुकानातल्या पाकिटावर "हॉर्मोन नाहीत" असं लिहून जे जास्तीचे पैसे घेतात ते मात्र मला पटत नाहीत, कारण अमेरिकेत कुठल्याच कोंबडी-टर्कीला हॉर्मोन द्यायला परवानगीच नाही.

पक्षी लांबट, छाती निमुळती, तंगड्या लांब आणि मांस गडद. आई धुवायला निघाल्या, त्यांना थांबवलं, धुताना शिंतोडे सगळीकडे उडतात म्हणून इथे नको म्हणतात. पेपर टॉवेलने कोरडा केला. तंगड्या सोडवून घेतल्या कारण भरपूर चालणाऱ्या पक्ष्याची तंगडी आणि छाती एका वेळात शिजत नाही, तंगडीतल्या शिरा तर काडीसारख्या कडक, त्या पकडीने ओढून काढाव्या लागल्या. तंगड्यांना हळद-मीठ, बाकीच्याला पाउंडाला अर्धा चमचा जाडं मीठ चोळून उघडाच फ्रीजमधे ठेवला, दोन रात्री.

शुक्रवारी छातीचा भाग ओव्हनमधे, आधी अर्धा तास कडक आणि मग 325 फॅरेनहाइटवर. हा पक्षी दुकानातल्यापेक्षा लवकर होतो, चरबी कमी असते, त्यामुळे घड्याळावर विसंबू नका, थर्मामीटर लावा, 165 फॅरेनहाइट झालं की बाहेर. आमचा पावणेदोन तासांत झाला. तंगड्यांची सागोती आईंनी केली, सुकं खोबरं आणि कांदा भाजून वाटप, गावचा मालवणी मसाला, कुकर नको म्हणाल्या, पातेल्यात मंद आचेवर दीड तास. बरोबर वडे.

छाती छान होती, खरंच रसाळ, पण खरी चव सागोतीत होती. आईंनी नळी दाताखाली धरून बघितली, फुटेना. म्हणाल्या, "ह्येका म्हणतत गावठी." लेकीने तिसरा वडा घेतला.

सांगाड्याचा आळणी रस्सा काढून चार डबे फ्रीझ केले, ते डिसेंबरभर पुरले. फेब्रुवारीत फार्मच्या बाईंची मेल आली की अंडी सुरू व्हायच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांसाठी यादी उघडलीय. या वेळी लार्ज सांगितली आहे, आणि पिकअप बुधवारचाच.