कोड न लिहिणारा भागीदार नेमकं करतो काय?

इकडे अमेरिकेत नवी स्टार्टअप दिसली की लोक आधी विचारतात, "कोड कोण लिहितं?" गिऱ्हाइकाशी कोण बोलतं, हा प्रश्न फार कमी जण विचारतात. खरं तर प्रॉडक्ट नीट बनलं, पण ते कुणालाच नको होतं, म्हणूनही कितीतरी कंपन्या गुंडाळाव्या लागतात.

लोकांच्या घरातल्या खोल्या प्रवाशांना भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या साइटचंच बघा. तिघा संस्थापकांपैकी ब्रायन चेस्की आणि जो गेबिया हे डिझायनर, कोडची बाजू नेथन ब्लेचारझिककडे. 2008 मध्ये पैशांची चणचण भासली, तेव्हा अध्यक्षपदाचे उमेदवार ओबामा आणि मॅकेन यांच्या नावाचे, नाश्त्याच्या सीरियलचे (कॉर्नफ्लेक्ससारखा पदार्थ) खोके 40 डॉलरला एक असे विकून सुमारे 30,000 डॉलर उभे राहिले. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये यजमानांच्या घरी जाऊन त्यांनी चांगले फोटो काढले, कारण साइटवरचे फोटो पाहून खोली घ्यावीशीच वाटत नव्हती. यातलं काहीही कोड लिहून सुटणारं नव्हतं.

अशा भागीदाराचं पहिलं काम म्हणजे कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी वीस-तीस संभाव्य गिऱ्हाइकांशी बोलणं. इथे बहुतेकांचा प्रश्नच चुकतो. "असं ॲप असेल तर वापराल का?" असं विचारलं की समोरचा भिडेखातर हो म्हणतो. त्यापेक्षा विचारावं, "ही अडचण शेवटची कधी आली? तेव्हा काय केलंत? किती वेळ गेला, किती पैसे गेले?" समजा, दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं ॲप करायचंय. रिसेप्शनवरच्या बाईंची वही उघडून बघा. फोनवर बदललेल्या वेळा खोडून वर पेन्सिलीने लिहिलेल्या असतील आणि कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्यांवर "परत फोन करणे" असेल, तर खरं दुखणं नोंदणीत नाही, बदल कळवण्यात आहे. ही एक गोष्ट वेळेत कळली, तर इंजिनिअरचे दोन-तीन महिने वाचतात. उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावीत. आपण काढलेला सारांश नेहमी आपल्याच बाजूने झुकतो.

मग आगाऊ पैसे मागायचे, रक्कम लहान असली तरी चालेल. तोंडी होकार दहा आले आणि पैसे एकानेच दिले, तर गिऱ्हाईक एकच धरायचं.

बिघडतं कुठे? विक्रीच्या भरात इंजिनिअरला न विचारता "पुढच्या आठवड्यात देतो" असा शब्द दिला जातो. दोनदा असं झालं की दोघांतला विश्वास संपतो. दुसरं म्हणजे नुसती कल्पना घेऊन येणं आणि कोड होईपर्यंत हातावर हात धरून बसणं. अशा माणसाला भागीदार करू नये, हे मी स्पष्टच सांगते.

शेअर्सच्या वाटणीत संकोच नको. इकडची रूढ पद्धत चार वर्षांच्या व्हेस्टिंगची, म्हणजे शेअर्स टप्प्याटप्प्याने मालकीचे होण्याची आहे, त्यात पहिल्या वर्षाचा क्लिफ, म्हणजे वर्ष भरेपर्यंत हक्क शून्य. अकराव्या महिन्यात जो सोडून गेला त्याला काहीच मिळत नाही. बारा महिने भरले की पाव हिस्सा, पुढे दर महिन्याला एकूण हिश्श्याचा 48 वा भाग. हा नियम दोघांनाही सारखाच लावावा. असे शेअर्स हातात पडल्यापासून 30 दिवसांच्या आत अमेरिकेच्या कर खात्याकडे 83(बी) चा अर्ज, म्हणजे सगळ्या शेअर्सवरचा कर आत्ताच्याच किमतीवर लावा असं कळवणारा अर्ज, गेलाच पाहिजे. ही मुदत वाढवून मिळत नाही. ती चुकली तर शेअर्स जसजसे मोकळे होतील तसतसा त्यांच्या वाढलेल्या किमतीवर कर लागत जातो, आणि तोही हातात रोख पैसा आलेला नसताना.