तुम्ही विचारलंत म्हणून: अर्थशास्त्राला गणित किती लागतं?

मी अर्थशास्त्र शिकवते असं कळलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. एक म्हणजे, शेअर बाजार कधी सावरेल? आणि घरात कोणी कॉलेजात जायच्या वयाचं असेल तर दुसरा: "अर्थशास्त्र मेजर घ्यायचं तर गणित लागतं का हो? झेपणार नसेल तर आपलं मायनरच बरं, नाही का?" (मेजर म्हणजे पदवीचा मुख्य विषय, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम.) पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. दुसऱ्याला आहे, पण ते हो-नाहीत बसत नाही. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

गणित लागतं. ज्या कॅल्क्युलसची (बदलाचा दर काढायचं गणित) धास्ती घेऊन लोक विचारतात, ते मात्र तितकं लागत नाही. खरी कसोटी लागते ती संख्याशास्त्रात, आणि त्याची चौकशी कोणीच करत नाही.

आधी सांगाडा. नियम विद्यापीठागणिक बदलतात, तरी मेजर-मायनरची पद्धत जिथे आहे तिथे क्रम साधारण सारखाच असतो. सुरुवातीला सूक्ष्म (एकेका ग्राहकाच्या, उद्योगाच्या पातळीवरच्या) आणि स्थूल (साऱ्या देशाच्या पातळीवरच्या) अर्थशास्त्राची तोंडओळख, जोडीला कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र. त्यांच्या आधारावर सूक्ष्म-स्थूलचा दुसरा टप्पा, ज्याला 'इंटरमीजिएट' म्हणतात. मग इकॉनॉमेट्रिक्स, म्हणजे संख्याशास्त्र वापरून आर्थिक आकडेवारीतून निष्कर्ष काढणं. त्यानंतर श्रम, व्यापार, विकास, पर्यावरण असे ऐच्छिक विषय आणि पुष्कळ ठिकाणी एखादा सेमिनार किंवा प्रबंध. मेजरला हे सगळं धरून साधारण दहा-बारा पेपर होतात. मायनर पाच-सहा पेपरांत आटोपतं: तोंडओळख, एक-दोन इंटरमीजिएट, दोन ऐच्छिक. इकॉनॉमेट्रिक्स मायनरला बहुधा सक्तीचं नसतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्याकडे यायचंच आहे.

आता कॅल्क्युलस नेमकं कुठे लागतं ते दाखवते. समजा एका वस्तूची मागणी '१०० उणे किमतीची दुप्पट' या सूत्राने चालते. किंमत १० असेल तर ८० नग खपतील, गल्ला ८००. किंमत ४० केली तर २० नग, गल्ला पुन्हा ८००च. पण दोन्ही ठिकाणी किंमत १ने वाढवून बघा. १०ची ११ केली तर ७८ नग जातात आणि गल्ला ८५८वर चढतो. ४०ची ४१ केली तर १८च नग जातात आणि गल्ला ७३८वर येतो. तीच सरळ रेषा, तोच १चा फरक, आणि परिणाम उलटे. किंमत बदलली की मागणी किती प्रमाणात बदलते, याला मागणीची लवचिकता म्हणतात, आणि तोंडओळखीच्या वर्गात ती एवढ्या आकडेमोडीने आणि एका आलेखाने समजते. इंटरमीजिएटमध्ये प्रश्न पुढे सरकतो: गल्ला सर्वांत जास्त कुठे? एकेक किंमत घालून बघत बसायचं नसेल तर गल्ल्याचं डेरिव्हेटिव्ह (किंमत किंचित बदलली की गल्ला किती बदलतो, तो दर) घ्यायचं, ते शून्याबरोबर मांडायचं, आणि २५ हे उत्तर दोन ओळींत हातात येतं. (उत्पादनखर्च मी सोयीस्करपणे विसरले आहे. तो धरला की आणखी दोन ओळी वाढतात.) पदवीच्या पातळीवरचं बरंचसं कॅल्क्युलस याच जातीचं असतं. काहीतरी जास्तीत जास्त किंवा कमीत कमी करायचं, वर एखादी मर्यादा, मग ती बजेटची असो की वेळेची. तंत्र पाच-सहाच, पण ती हाताला बसलेली हवीत. परीक्षेत डेरिव्हेटिव्ह आठवण्यात वेळ गेला तर अर्थशास्त्राचा विचार करायला वेळ उरत नाही.

गणित आलं की अर्थशास्त्र आलं, असंही समजू नका. अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आला होता. अर्थशास्त्राचा स्वतंत्र अभ्यासक्रम तिथे १९०३मध्ये सुरू झाला तो त्याच्याच खटपटीने. आणि या माणसाने १८९०च्या आपल्या मुख्य ग्रंथात आकृत्या तळटीपांत ढकलल्या, समीकरणं परिशिष्टात. १९०६च्या एका पत्रात त्याने लिहिलं की गणित लघुलिपीसारखं वापरावं, निष्कर्ष साध्या भाषेत मांडावा, व्यवहारातली उदाहरणं द्यावीत आणि मग गणित जाळून टाकावं. उदाहरणं सापडलीच नाहीत तर साधी भाषा जाळावी, हीही त्याचीच पुस्ती. माझ्या वर्गात गणिताच्या जोरावर आलेली काही मुलं नेमकी इथे अडतात. उत्तर बरोबर असतं. "मग याचा अर्थ काय?" म्हटलं की गप्प.

संख्याशास्त्राचं उदाहरण खऱ्या कामातून देते. अमेरिकेत न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते होतं तेवढंच राहिलं. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून चारशेवर फास्ट फूड दुकानांची वाढीआधी आणि वाढीनंतर पाहणी केली. दोन अर्धवेळ कामगार म्हणजे एक पूर्णवेळ असं धरून न्यू जर्सीत दर दुकानामागे सरासरी २०.४४ माणसं होती, ती २१.०३ झाली. पेनसिल्व्हेनियात २३.३३ होती, ती २१.१७वर आली. आता वजाबाक्या करा. एकीकडे ०.५९ वाढ, दुसरीकडे २.१६ घट, दोन्हींतला फरक सुमारे २.७५. वेतन वाढलं की नोकऱ्या घटणार असं पाठ्यपुस्तकातली साधी आकृती सांगते. इथे त्याचा मागमूस नव्हता. १९९४मध्ये हा निबंध छापून आला आणि मोठं वादळ उठलं. इतरांनी दुकानांच्या पगारपत्रकांवरून वेगळे निष्कर्ष मांडले, वाद कित्येक वर्षं चालला. २०२१मध्ये कार्ड यांना नोबेल मिळालं. क्रूगर तोवर हयात नव्हते.

तीन वजाबाक्या शाळेतल्या मुलालाही येतात. मग कॉलेजात शिकायचं काय? तर या २.७५वर विश्वास किती ठेवायचा, ते. या आकड्याची स्टँडर्ड एरर (वेगळी दुकानं निवडली असती तर आकडा साधारण किती इकडेतिकडे झाला असता, त्याचं माप) जवळपास त्याच्या निम्मी आहे. म्हणजे हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी, पण आकडा स्वतः बऱ्यापैकी डळमळीत. शिवाय वेतनवाढ झाली नसती तर न्यू जर्सीही पेनसिल्व्हेनियासारखंच वागलं असतं, हे आपण कशाच्या आधारावर धरलं? इकॉनॉमेट्रिक्सचा पेपर म्हणजे असले प्रश्न विचारायची सवय. सूत्रं आणि सॉफ्टवेअर त्यामागून येतात. ज्याने संख्याशास्त्राचा पेपर कसाबसा काढलाय, त्याला इथे फार जड जातं.

यावरून मेजर-मायनरचं माझं मत. "गणित झेपणार नाही म्हणून मायनर" हा हिशेबच चुकीचा वाटतो. मायनरलाही इंटरमीजिएट लागतं आणि त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस लागतंच. मायनर घ्यावं ते मुख्य रस दुसरीकडे असेल तर: राज्यशास्त्र, इतिहास, संगणक, पर्यावरण. आणि घेतलंत तर एक ऐच्छिक विषय सोडून त्या जागी इकॉनॉमेट्रिक्स घ्या, नियमात बसत असेल तर. त्याशिवायचं मायनर मला अर्धवट वाटतं. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. त्यांच्या मते आर्थिक इतिहास जास्त उपयोगी.

मेजरवाल्यांची अडचण बऱ्याचदा क्रमाची असते. इकॉनॉमेट्रिक्सला संख्याशास्त्र हवं, इंटरमीजिएटला कॅल्क्युलस हवं, प्रबंधाला हे सगळं हवं. 'नको ते नंतर बघू' म्हणत कॅल्क्युलस दोन वर्षं पुढे ढकललं की इंटरमीजिएट शेवटच्या वर्षात येतं आणि प्रबंधाच्या वेळी इकॉनॉमेट्रिक्स अजून चालूच असतं. पहिल्याच वर्षी कॅल्क्युलस उरकून घ्या, विषय पक्का ठरला नसला तरीही. ते दुसरीकडे वाया जात नाही.

पीएचडीचा विचार असेल तर गणित वेगळंच. बहुचल कॅल्क्युलस (एकाहून जास्त चलांचं), लिनिअर अल्जेब्रा (सदिश आणि मॅट्रिक्सचं गणित) आणि जमलं तर रिअल ॲनालिसिस (कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धता). पदवीच्या मेजरला यातलं सगळं सक्तीचं नसतं, म्हणून मुलांना उशिरा कळतं. अमेरिकन अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना शाळेत त्रिकोणमिती घेऊ दिली नव्हती. पुढे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने गणित अपुरं म्हणून अर्थशास्त्राच्या पीएचडीला प्रवेश नाकारला. त्यांनी तिथेच राज्यशास्त्रात १९६५मध्ये पीएचडी केली, जंगलं, मासेमारी, सिंचन अशी सामायिक साधनं माणसं कशी सांभाळतात यावर आयुष्यभर काम केलं, आणि २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. यावरून कोणी गणिताशिवायही चालतं असं काढू नये. अर्थशास्त्राच्या पीएचडीच्या प्रवेशाला आजही गणित लागतंच.

आता विभागात जाऊन विचारायच्या गोष्टी. काही विभाग वाणिज्याच्या मुलांसाठीचं हलकं कॅल्क्युलस धरत नाहीत, तेव्हा तुमचं कोणतं चालेल ते आधी विचारा. सुरुवातीच्या पेपरांत ठरावीक ग्रेड नसेल तर काही ठिकाणी मेजर घेऊच देत नाहीत. आणि दोन विषय करणार असाल तर संख्याशास्त्राचा एकच पेपर दोन्हीकडे मोजला जातो का, हे लेखी विचारून घ्या. तोंडी उत्तर माणसागणिक बदलतं.