लेकीच्या पायाची करंगळी

रविवार, रात्र

काल लेकीला ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे नेऊन आलो. तिच्या उजव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली आहे. सासूबाईंचीही तशीच. त्या म्हणतात, "अगं, माझं काही अडलं का आयुष्यात?" पण त्यांचं आयुष्य चपलांत गेलं. हिला जूनपासून रोज शाळेचे बूट घालावे लागतात, आणि संध्याकाळी मोजा काढला की करंगळीच्या वर लालभडक ठिपका दिसतो.

डॉक्टरांनी करंगळी हलकेच खाली दाबून दाखवली. थोडी खाली येते, मग वरची कातडी ताणून पांढरी पडते आणि तिच्याखालचं टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, सुतळीसारखं वर येतं. कातडी, टेंडन, सांध्यावरचं आवरण, सगळंच वरच्या बाजूला आखूड आहे. म्हणूनच पाच वर्षांच्या पोरीला आता पट्ट्या बांधून फरक पडणार नाही. तान्हेपणी ताण देऊन, चिकटपट्टी लावून बघतात, पण तेव्हाही खात्री नसतेच.

मग ऑपरेशन. त्यातलं जास्त नावाजलेलं बटलर पद्धतीचं. कॉकिन या सर्जननी 1968 साली ते लिहून प्रसिद्ध केलं. करंगळीभोवती गोल छेद, त्याला वर आणि खाली एकेक शेपटी. टेंडन कापतात, सांधा सैल करतात आणि बोट खाली सरकवून जागेवर आणतात. धोका बारीक रक्तवाहिन्यांचा. त्या ताणल्या तर बोटाचा रक्तपुरवठाच अडू शकतो. हे ऐकल्यापासून माझ्या पोटात गोळा आलाय. करंगळीतलं हाड काढून टाकण्याचीही एक पद्धत आहे, पण तिच्यात पुढे शेजारचं बोट वाकू शकतं. ती मला नकोच.

नुसतं दिसण्यासाठी मी हिच्या पायाला सुरी लावू देणार नाही. लग्नात कोण पाय बघतं, असं आत्या म्हणाली. मला तर लग्नाचा विचारही शिवला नव्हता! माझा प्रश्न एवढाच, की तिला दुखतंय का. डॉक्टरही तेच म्हणाले: दुखत नसेल तर घाई नको. बूट घासून कातडी घट्ट होऊन तिथे कुरूप झालं, बूट घालताना रडायला लागली, तर ऑपरेशनचं बोलू.

तोवर पुढून रुंद, वरून मऊ बूट घ्यायचे. शाळेत चिठ्ठी द्यायची, की काळे सँडल चालतील का. मोजाही सैल हवा. उद्या डबा भरून झाला की आधी ती चिठ्ठी लिहीन.