चांद्याच्या परकोटावरून

चंद्रपूर स्टेशनवर उतरणारा बाहेरगावचा पाहुणा सहसा शहरात थांबत नाही. बाहेर जीप उभी असते, ती थेट ताडोबाच्या मोहर्ली गेटकडे निघते. शहराबद्दल त्याला एवढंच ठाऊक असतं, की इथं कोळसा आहे, 2920 मेगावॅटचं वीजकेंद्र आहे आणि मे महिन्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो. मी मात्र या खेपेला वाघ बाजूला ठेवून शहरासाठीच गेले. कारण एका मैत्रिणीनं पाठवलेले दोन फोटो. पहिल्या फोटोत घाणेरी आणि बाभळीचं रान होतं. दुसऱ्यात त्याच जागी काळ्या दगडांचा सरळसोट तट, त्यावर चालायची रुंद वाट आणि कडेला एक बुरुज. मधल्या काळात ना सरकारी योजना आली होती ना ठेकेदार. गावातल्या पोरांनी हातात कुऱ्हाड, फावडं आणि घमेलं घेतलं होतं.

ही पोरं इको-प्रो या संस्थेची. मूळ काम जंगलाचं. ताडोबाजवळच्या लोहारा इथल्या प्रस्तावित कोळसा खाणीला त्यांनी कडाडून विरोध केला, घरात निघालेला साप पकडायलाही गावकरी त्यांनाच बोलावतात. मार्च 2017 मध्ये त्यांनी गोंडराजांच्या किल्ल्याची सफाई हाती घेतली. रोज सकाळी श्रमदान, मग आपापल्या कामधंद्याला. सलग 200 दिवस हे चाललं तेव्हा त्याच वर्षी पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये त्याचा उल्लेख केला. कौतुक झालं म्हणून त्यांनी हत्यारं खाली ठेवली नाहीत. सफाई त्यानंतरही चालू राहिली, हे मला त्या उल्लेखापेक्षा मोठं वाटतं.

चंद्रपूरचा किल्ला डोंगरावर नाही, समुद्रातही नाही. जुन्या शहराभोवती फिरणारा सुमारे 11 किलोमीटरचा परकोट म्हणजेच किल्ला. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे. शिवाय बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण या पाच खिडक्या, म्हणजे तटातल्या लहान वाटा. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमालगत हे शहर वसलं आहे. शत्रूइतकीच भीती पुराची, आणि तट दोघांनाही अडवायचा.

मी सुरुवात जटपुरा गेटपासून केली. गेटच्या माथ्यावर दोन्ही बाजूंना हत्तीला नमवणारा सिंह कोरला आहे. ही गोंडराजांची राजमुद्रा. खालून मात्र ऑटो, दुचाक्या, हातगाड्या, शाळेच्या गाड्या यांचा लोंढा. महात्मा गांधी मार्ग आणि कस्तुरबा मार्ग या दोन रस्त्यांवर सगळा जुना बाजार उभा आहे, आणि गांधी चौकातून निघालेला माणूस फिरून याच दरवाजाशी येतो. वर मान करून तो सिंह बघायला इथं कुणाला सवड मिळणार? मी रस्त्याच्या कडेला उभी राहून बघितला, तेवढ्यात मागून तीनदा हॉर्न वाजला. जवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले आणि बगड खिडकीकडे निघाले. तिथं मला दोन स्वयंसेवक भेटणार होते. एक कॉलेजात शिकणारा, दुसरा छोटं दुकान चालवणारा. नावं मी मुद्दाम लिहीत नाही, त्यांनीही कधी नावासाठी काम केलेलं नाही.

“ताई, इथं पाय सांभाळून. दगड हालते,” म्हणत धाकटा पुढं झाला. पंधरा-वीस फूट उंचीचा तट, आतल्या बाजूनं पायऱ्या. वर आल्यावर एकदम वेगळंच चंद्रपूर दिसायला लागतं. एका हाताला घरांची कौलं, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, मधूनच एखादं देऊळ. दुसऱ्या हाताला रामाळा तलाव आणि लांबवर वीजकेंद्राच्या धुराड्या. मधून आपण चालतो ती वाट पूर्वी पहारेकऱ्यांची होती.

“आमच्या घराच्या मागंच हा परकोट, पण मी वर कधी चढलोच नव्हतो,” दुकानदार सांगत होता. “चढाले वाटच नव्हती. झाडं तोडत तोडत गेलो तवा पायऱ्या सापडल्या.”

ती पायऱ्या सापडण्याची गोष्ट त्याच्याकडून तपशिलात ऐकावी अशी आहे. वर्षानुवर्षं तटावर माती साचली होती, तिच्यावर झुडपं, झुडपांवर वेली, आणि मागच्या घरांतला कचरा याच उतारावर येऊन पडायचा. आधी कोयत्यानं वरचा झाडोरा छाटायचा, मग कचरा पाट्यांनी खाली उतरवायचा, मग फावड्यानं माती ओढायची. प्लास्टिक, फुटक्या बाटल्या, जुनी गाद्यांची कापडं आणि मधूनच साप. सापाचं काय करायचं हे त्यांना ठाऊकच होतं, जंगलातलं शिक्षण इथं कामी आलं.

खरी परीक्षा पिंपळ आणि उंबराची. ही झाडं दगडांच्या फटीत रुजतात, मुळं आत फुगत जातात आणि चिरे बाहेर ढकलतात. हौसेनं जोर लावून झाड उपटलं तर मुळासकट भिंतच खाली येते. म्हणून ते बुंध्याशी छाटायचं आणि मुळाला हात लावायचा नाही. पुढचं काम जाणकारांचं. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणात आहे, इथला ढळलेला चिरा परस्पर उचलून सिमेंटनं बसवता येत नाही. डागडुजी चुन्यात, जुन्या पद्धतीनं, खात्याच्या देखरेखीखाली व्हायला हवी. सफाईनंतर खात्यानं काही ठिकाणी ती केलीही. स्वयंसेवकांची ही शिस्त मला फार मोलाची वाटली. महाराष्ट्रात कितीतरी गडांवर उत्साही मंडळींनी दरवाजांना ऑइलपेंट फासलेले आणि बुरुजांना सिमेंट थापलेलं मी बघितलं आहे. प्रेम तेही असतं, पण त्या प्रेमानं इतिहास पुसला जातो. इथल्या पोरांना आपला हात कुठं थांबवायचा ते कळलं होतं.

चालता चालता धाकट्यानं सशाची गोष्ट सांगितली. चांद्यात, म्हणजे चंद्रपुरात, ही लहान पोरांनाही येते. गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा अंगावरच्या फोडांनी हैराण होता. शिकारीला गेला असताना झरपटेच्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी प्याला, त्याच पाण्यानं तोंड धुतलं आणि त्याची व्याधी गेली. तिथंच अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढं एकदा त्याच रानात कपाळावर पांढरा ठिपका असलेला ससा राजाच्या कुत्र्याचा पाठलाग करताना दिसला. दोघं ज्या वाटेनं गोल धावले, ती वाट आखून तटाचा पाया घातला, अशी ही कथा. बांधकाम मात्र एका राजाच्या हयातीत झालेलं नाही, पुढच्या कित्येक राजांनी ते चालू ठेवलं. अठराव्या शतकाच्या मध्यावर हे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं आणि मे 1818 मध्ये इंग्रजांनी तोफा डागून शहर घेतलं.

अंचलेश्वर गेटपाशी आम्ही खाली उतरलो. शेजारीच गोंडराजांच्या समाध्या. त्यातली सर्वांत देखणी बीरशहाची, राणी हिराईनं बांधवून घेतलेली. महाकालीचं मंदिरही तिचंच. चैत्रात मराठवाडा आणि तेलंगणातून हजारो भाविक या देवीला येतात, झरपटेत आंघोळ करतात. त्यांच्यातले किती जण चार पावलांवरच्या समाधीपर्यंत जात असतील कोण जाणे. हिराईसारख्या राणीचं नाव चंद्रपूरबाहेर फारसं कुणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. तसंच बाबूराव शेडमाके यांचं. 1858 च्या ऑक्टोबरात इंग्रजांनी या वीराला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. जुन्या कोटात आजही तुरुंगच आहे.

तटाला खेटून राहणाऱ्या एका आजींनी आम्हाला पाणी दिलं. “आधी इकडं लेकराईले येऊ देत नव्हतो, साप-किरडू अन् दारूडे. आता लेकरं वरच खेळत रायते,” त्या म्हणाल्या. मग त्यांनीच दुसरी बाजूही ऐकवली. संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवीन बांधकामाला कायद्यानं मनाई आहे. किल्लाच शहराभोवती फिरतो म्हटल्यावर कितीतरी घरं त्या पट्ट्यात येतात. घराची खोली वाढवायची तरी अडचण. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तटाच्या सावलीत संसार केला त्यांच्या डोक्यावर हे ओझं आहे, आणि वारशाचं प्रेम सांगणाऱ्या आपल्यासारख्यांनी ते नजरेआड करू नये.

म्हणूनच मला स्वयंसेवकांनी पुढं उचललेलं पाऊल सगळ्यात शहाणपणाचं वाटलं. झाडं परत वाढणार आणि कचरा परत पडणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तेव्हा त्यांनी रविवारी सकाळी लोकांना किल्ल्यावर फिरवायला सुरुवात केली. शाळेची मुलं, पेन्शनर, बदलून आलेले अधिकारी, सगळ्यांना वर चढवलं. ज्या वाटेवर रोज माणसांचे पाय पडतात तिथं रान माजत नाही, आणि जिथं पाहुणे येतात तिथं शेजारी कचरा टाकायला कचरतात. तट वाचवायचा तर तो पुन्हा लोकांच्या वापरात आला पाहिजे, हे त्यांना कामातून उमगलं आहे. रामाळा तलावाच्या बाबतीतही त्यांनी हाच धागा धरला. गोंडकालीन तलाव सांडपाण्यानं आणि जलपर्णीनं भरला होता, त्यासाठी 2021 मध्ये संस्थेच्या अध्यक्षांनी उपोषण केलं, तेव्हा कुठं हालचाल झाली. तट आणि तलाव एकाच शहराचे, एकेकाला सुटं वाचवता येत नाही असं दुकानदार म्हणाला.

पठाणपुरा गेटपर्यंत जाऊन आम्ही थांबलो. पुराच्या वर्षी इरईचं पाणी या बाजूनं चढतं. गेटच्या बाहेर नदीकडचे शेतमळे, आत भाजीवाल्यांची लगबग.

तुम्हाला जायचं असेल तर दिवाळीनंतर, थंडीत जा. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर दगडावर हात ठेववत नाही. पायात चांगले बूट घाला, पाणी बरोबर घ्या आणि ताडोबाच्या सहलीत चंद्रपूरची एक सकाळ राखून ठेवा. शक्यतो कुणा स्थानिकाला सोबत घेऊन वर चढा, कारण तटाचे काही भाग अजून ढासळलेले आहेत. तिथून लालपेठ जवळच आहे; उघड्यावर मांडलेल्या एकसंध दगडातल्या अजस्र मूर्ती, त्यातली दशमुखी दुर्गा, बघितल्याशिवाय परतीची गाडी पकडू नका.