तुम्ही विचारलंत म्हणून: पुन्हा तसलाच बोका का नाही?

माझ्या बंगाल जातीच्या बोक्याचा, रानोबाचा फोटो अजून माझ्या फोनवर आहे, त्यामुळे प्रश्नही तेच येत राहतात. आधी, “अय्या, बिबट्याचं पिल्लू?” मग, “म्हणजे जंगलीच ना?” आणि तो आता नाही हे कळलं की, “मग पुन्हा तसलाच का नाही आणत?” पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मला तोंडपाठ आहेत. तिसऱ्याला आजवर “बघू” म्हणून टोलवत आले. आता एकदाचं लिहूनच टाकते.

बिबट्याचा काही संबंध नाही. बंगाल जातीत रक्त मिसळलंय ते लेपर्ड कॅटचं. आशियातलं हे छोटं रानमांजर आकाराने साधारण घरच्या मांजराएवढं, आणि नात्यानेही बिबट्यापेक्षा त्यालाच जवळचं. कानांच्या काळ्या पाठीवर एकेक पांढरा ठिपका, ही त्याची खूण. जीन मिल नावाच्या बाईंनी १९६३ मध्ये अमेरिकेत लेपर्ड कॅटची मादी आणि काळा घरबोका यांची पिल्लं घेतली. पुढे ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) संशोधनासाठी पैदा केलेल्या संकर माद्या त्यांना मिळाल्या आणि जात उभी राहिली. पहिल्या काही पिढ्यांतले नर वांझ निघतात, म्हणून वीण घरबोक्यांवरूनच पुढे न्यावी लागते. दर पिढीला रान पातळ होत जातं.

दिसण्यावर तर अजिबात जाऊ नका. ऑसिकॅट ही जात ऑसेलॉट या अमेरिकेतल्या रानमांजरासारखी ठिपकेदार, पण तिच्यात रानाचा थेंब नाही. सयामी आणि अबिसिनियन या घरमांजरांच्या संकरातून निघालेली जात ती. टॉयगरचे पट्टे वाघाचे वाटतात, पण वाघाचा काही संबंध नाही, ती बनवलीय पट्टेदार घरमांजरं आणि बंगाल यांच्यापासून. बॉम्बे तर अमेरिकेत केंटकीमध्ये घडवली, काळ्या बिबट्याची आठवण यावी म्हणून. आफ्रिकेतल्या सर्व्हल या रानमांजरापासून निघालेल्या सॅव्हानाची गोष्ट वेगळी. तिच्या आधीच्या पिढ्या खरंच अवघड असतात, आणि ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये तिच्या आयातीला बंदी घातली.

हे सगळं मी रानोबा मांडीवर असताना लोकांना ऐकवायचे. आणि ते गेले की त्याच्या कानात म्हणायचे, “पण तू मात्र खराच जंगली हं.”

नळाखाली पंजा धरला, रक्त तसलं. कपाटावरून खाली उतरेना, रक्त तसलं. उशीवर मुतला, हद्द आखतोय. प्रत्येक खोडीला माझ्याकडे एकच उत्तर होतं, आणि ते उत्तर मला आवडायचं.

२०२२ मधल्या एका सोमवारी सकाळी तो ट्रेमध्ये बसला. उठला, माती उकरली, पुन्हा बसला. मग न्हाणीघरात जाऊन फरशीवर बसला. पांढऱ्या फरशीवर एक थेंब पडला, गुलाबीसर, टाचणीच्या डोक्याएवढा. “पुरे झाली तुझी जहागिरी,” असं म्हणत मी तो पुसला आणि फडकं धुऊन वाळत घातलं. दिवसभरात तसे आणखी तीन-चार थेंब पुसले.

हद्द आखणारा बोका कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. तो उभा राहतो, शेपटी ताठ करून थरथरवतो आणि भिंतीवर फवारा मारतो. रानोबा खाली बसत होता, पाठीला कमान करून. हा फरक मीच दोन मैत्रिणींना समजावून सांगितला होता.

रात्री तो ओरडू लागला. खोल, लांब, पोटातून येणारा आवाज. मी ते चित्रित केलं आणि खाली “रानाची हाक” असं लिहून चारचौघांना पाठवलं. हसण्याची चिन्हं आली. ती चित्रफीत अजून फोनमध्ये आहे. आवाज बंद करूनसुद्धा मी ती पुन्हा पाहिलेली नाही.

पहाटे उलटी झाली. पंजे गार पडले होते. डॉक्टरांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहराच बदलला. मूत्राशय दगडासारखं टणक लागत होतं. “कधीपासून?” त्यांनी विचारलं. “काल रात्रीपासून,” मी म्हणाले. खोटं बोलले. मूत्रमार्ग तुंबला होता. नळी घातली, पण लघवी अडून राहिली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय मंदावत जातं. संध्याकाळी ते थांबलं.

जातीमुळे झालं का, असं मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, बोक्याचा मूत्रमार्गच अरुंद असतो, कुठल्याही बोक्याला होतं. त्या उत्तराने मी भडकले, कशाला ते आजही सांगता येत नाही.

माझी बाजूही ऐका. उशीची भानगड ही त्याची जुनीच सवय होती. नसबंदी झालेले बोकेही हद्द आखतात. कुणाच्याही लक्षात आलं नसतं. असं मी वर्षभर म्हणत होते. आता म्हणते, फडकं धुताना त्याला लागलेला रंग तरी दिसलाच होता ना?

२०२४ मध्ये ९४७ बंगाल मांजरांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लेपर्ड कॅटचा वाटा निघाला सरासरी ३.५ टक्क्यांच्या आसपास, आणि त्यांचं जंगली दिसणं आलंय मुख्यतः घरमांजरांकडूनच. केसांवरची ती सोनेरी चकाकीसुद्धा. मिलबाईंनी दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयातून एक भटकं पिल्लू नेलं होतं, त्याच्या अंगावर ती होती. वाचून मला आधी हसू आलं, मग नाही आलं. तरी आतली जुनी मी वाद घालतेच: कपाटावरून तो बघायचा तेव्हा काय बघत होता, ते टक्क्यांत कसं मोजणार?

“साधं मांजर आणा की,” असंही सुचवतात. साध्या मांजराबद्दलही मी काहीतरी रचेनच. भित्रं आहे, रुसलंय, म्हातारं झालंय. त्याने काय साधणार?

दोनदा पिल्लं बघायला जाऊनही आले, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या वेळी एक मांडीवर घेतलं. दोन महिन्यांचं, अंगठ्याच्या ठशांसारखे ठिपके, छातीतून घरघर चाललेली. मी सगळ्यात आधी त्याचा कान दुमडला आणि मागे पांढरा ठिपका आहे का ते पाहिलं. नव्हता. मी हिरमुसले.