लॉकरमधलं सोनं रिटायरमेंटमध्ये धरायचं का?

रविवार, रात्री

आज तो विषय निघालाच शेवटी. नवऱ्याची एक एक्सेल शीट आहे, पीएफ, पीपीएफ, म्युच्युअल फंड, साठीनंतर महिन्याला हातात किती पडणार, सगळं त्यात, आणि सोन्याची ओळच नाही! म्हटलं अरे लॉकरमध्ये एवढं पडलंय ते हिशोबात नको का. तर शांतपणे म्हणतो, "तू ते मोडणारेस का?" मी गप्प. "मग ते सेव्हिंग कसलं?"

चिडले, पण मुद्दा बिनतोड होता. आपल्याकडे सोनं अडीनडीला असतं म्हणतात, आणि अडीनडी आली की आधी एफडी मोडतात, मग गोल्ड लोन काढतात, दागिना विकायचं नाव कोणी घेत नाही. आणि विकला तरी शोरूमच्या भावाने थोडाच जातो, घेताना दिलेली मजुरी आणि 3 टक्के जीएसटी गेलाच म्हणायचा. आमचे चुलत सासरे सांगलीतल्या विट्याकडचे, उभी हयात तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात गेली (तिकडची कितीतरी माणसं देशभर हेच करतात), ते नेहमी सांगतात की पोरी, मुशीत (सोनं वितळवायच्या भांड्यात) गेल्यावर कळतं दागिना काय होता ते. जुन्या पोकळ तोड्यात लाखेचा भरणा निघतो, साखळीला डागच (जोडकामाचे) इतके की घट, म्हणजे गाळल्यावर कमी होणारं वजन, पकडूनच चालायचं, मंगळसूत्राचे मणी वजनात धरायचेच नाहीत. आणि 22 कॅरेट म्हणजे मुळातच शंभरातलं 91.6, हे आपण घरी तोळे मोजताना सोयीस्कर विसरतो.

मग चहा केला आणि बसलो वाटण्या करायला. अंगावरचं वेगळं, मोडायचं वेगळं. अंगावरचं शीटमध्ये धरायचंच नाही, भाव कितीही चढू दे. मोडायचं म्हणजे वेढणी (सोन्याची साधी वळी), नाणी आणि पेपर गोल्ड (बाँड, ईटीएफ असं कागदावरचं सोनं), यातलं दोघांपैकी कोणीही विकलं तरी दुसऱ्याने तोंड वाकडं करायचं नाही, हे आजच ठरवून टाकलं कारण सत्तराव्या वर्षी त्यावरून भांडायची ताकद नसणार.

एकूण बचतीत सोनं किती टक्के यावर मात्र जुंपली. मला वीस हवे होते, त्याला पाच. त्याने 2012 काढलं, तेव्हा तोळा तीस हजाराच्या वर गेला होता आणि 2015 ला सव्वीस-सत्तावीसवर आला, तीन वर्षं थांबून तोटा, वर व्याज नाही. मी सरकारच्या पहिल्या गोल्ड बाँडचं (मुदत संपली की सोन्याच्या भावाने पैसे देणारा) उदाहरण काढलं, नोव्हेंबर 2015 ला ग्रॅमला 2,684 ने निघाला आणि 2023 ला सुटला तेव्हा 6,132 मिळाले, वर दरवर्षीचं व्याज, आणि मुदतीपर्यंत ठेवला त्यांना नफ्यावर टॅक्सही नाही. म्हणजे दोघंही खरं बोलत होतो, आपापल्या सोयीची वर्षं धरून. शेवटी दहावर तुटलं. दहाच्या फार वर गेलं तर जास्तीचं विकायचं हे पण मान्य केलंय मी, दात ओठ खात.

नवीन बाँड काही फेब्रुवारी 2024 नंतर निघालेच नाहीत, त्यामुळे आता दर महिन्याला थोडं गोल्ड ईटीएफमध्ये (सोन्याच्या भावाने चालणारा, शेअरसारखा घ्यायचा फंड). सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "ते काय गळ्यात घालता येतं का?" पाडव्याला एक वेढणी घ्यायची सवलत त्यांच्यासाठी ठेवलीय (त्यांच्यासाठी म्हणायचं, मलाही हवीच आहे).

लॉकरचं पण काढलं त्याने. चोरी झाली किंवा आग लागली आणि चूक बँकेची असली तरी भरपाई वर्षाच्या भाड्याच्या जास्तीत जास्त शंभर पट. तीन हजार भाडं म्हणजे तीन लाख, आजच्या भावात तीन तोळे पण येत नाहीत! हे ऐकून मात्र माझी झोप उडाली. वेगळा विमा उतरवायचा, फोटो काढायचे, बिलं एका फाइलला लावायची, हे माझ्याकडे. जुने बाँड त्याच्या एकट्याच्या डीमॅटला आहेत, नॉमिनी अजून त्याची आईच, लग्नाआधीचं खातं ना, ते बदलायचं काम त्याच्याकडे, या आठवड्यात.

माझ्या आईच्या पाटल्या कुठल्याच यादीत नाहीत. त्याने विचारलं नाही, शहाणा आहे.