आडरस्त्यांची वही : २२ पाहून झाले, ८ वहीत राहिले

शहरापासून सरळ रेषेत ९० किलोमीटरच्या आत, सकाळी निघून दिवस मावळण्यापूर्वी परतता येईल, असे आडरस्ते शोधून त्यांची वही करायची हे काम हाती घेतल्याला आता दुसरा हंगाम संपत आला आहे. नकाशावर निवडलेल्या ३१ रस्त्यांपैकी २२ रस्ते मोटारसायकलवरून पाहून झाले. त्यांतले ८ वहीत राहिले, १४ खोडले गेले आणि ९ अजून बाकी आहेत. खोडलेल्यांची कारणे सांगायची तर ५ रस्त्यांवर नकाशात दिसलेली वळणे मुळात नव्हतीच, ४ रस्त्यांवर डांबर उखडलेले निघाले किंवा वळणांपुढचे पुरेसे दिसत नव्हते, ३ रस्त्यांवर अवजड वाहतूक होती आणि २ रस्ते पुढे फाटक लावून बंद केलेले होते. शेवटच्या दोन कारणांबद्दल सांगण्यासारखे काही नाही. पहिल्या दोन कारणांनी मात्र माझी निवडीची पद्धतच बदलली, म्हणून ही नोंद मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

आडरस्ता फोनला विचारून सापडत नाही, आणि त्यात फोनचा दोषही नाही. दोन ठिकाणांमधला सर्वांत कमी खर्चाचा मार्ग काढण्याची रीत संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९५६ साली योजली आणि १९५९ साली प्रसिद्ध केली. आजची मार्ग दाखवणारी ॲप्स तिच्याच सुधारित रूपांवर चालतात. त्यांच्या लेखी ‘खर्च’ म्हणजे बहुधा वेळ. आपल्याला हवा असलेला रस्ता नेमका वेळ खाणारा असतो, त्यामुळे तो या हिशेबात दर वेळी हरतो. पहिल्या हंगामात मी हिशेब उलटा करून पाहिला : ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून काढलेल्या खुल्या नकाशावरून दुय्यम आणि तिय्यम दर्जाच्या रस्त्यांच्या रेषा उतरवून घेतल्या, प्रत्येक रेषेवरील लागोपाठच्या तीन बिंदूंमधून जाणाऱ्या वर्तुळाची त्रिज्या काढली, आणि जिथे ती १०० मीटरपेक्षा कमी येईल तेवढी लांबी ‘वळणदार’ म्हणून मोजली. ज्या रस्त्याची वळणदार लांबी जास्त, तो यादीत वर.

ही पद्धत कागदावर सुरेख दिसते आणि रस्त्यावर तोंडघशी पाडते. यादीत तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या रस्त्यावर मी गेलो, तर सपाट शेतांमधून ओळंबा धरल्यासारखा सरळ रस्ता ११ किलोमीटर पुढे पसरलेला होता. घरी येऊन रेषा तपासली तेव्हा कारण कळले. रेषा काढणाऱ्याने दर १० मीटरवर एक बिंदू दिला होता आणि काही बिंदू इकडे-तिकडे सरकले होते. १० मीटर अंतरावरच्या तीन बिंदूंपैकी मधला बिंदू केवळ १ मीटर बाजूला गेला, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे ५० मीटर येते, म्हणजे चांगलेच तीव्र वळण. तेच बिंदू २५ मीटर अंतरावर असते, तर तेवढ्याच चुकीने त्रिज्या ३०० मीटरच्या पुढे गेली असती आणि रस्ता यादीत आलाच नसता. आता मी मोजण्याआधी २५ मीटरपेक्षा जवळचे बिंदू गाळतो. त्यामुळे अगदी घट्ट हेअरपिन वळणे थोडी बोथट होतात, पण ती नकाशावर डोळ्यांनीही दिसतात, तेव्हा हा तोटा मला मान्य आहे.

चढ-उतारांच्या आकड्यांवरही माझा आता फारसा विश्वास उरलेला नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ अवकाशयानावरील रडारने ११ दिवसांत पृथ्वीच्या बहुतांश जमिनीची उंची मोजली, आणि मोफत मिळणारे उंचीचे बरेचसे आकडे त्या मोहिमेतून आलेले आहेत. ते सुमारे ३० मीटरच्या चौकटींत आहेत. डोंगर कापून काढलेला पाच-सहा मीटर रुंदीचा रस्ता त्या चौकटीत मावत नाही. त्याची रेषा जरा सरकली की ती खालच्या किंवा वरच्या उतारावर पडते आणि सपाट जाणाऱ्या रस्त्याच्या आलेखाला करवतीचे दात फुटतात. एकूण चढाईचा आकडा पाहून रस्ता निवडणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

वळणांच्या मोजणीवरचा माझा उरलासुरला भरवसा रस्ता क्रमांक १२ ने घालवला. हा रस्ता डोंगराच्या अंगाने, जवळजवळ एकाच उंचीवरून १८ किलोमीटर जातो, आणि वळणांच्या हिशेबात त्याच्यासारखा दुसरा नव्हता. सकाळी नऊच्या सुमारास सातव्या की आठव्या आतल्या वळणावर, गाडी किंचित झुकलेली आणि पुढच्या ब्रेकवर दोन बोटे अजून दाबलेली, अशा अवस्थेत पुढचे चाक ओल्या बारीक खडीवर आले आणि गाडी अलगद आडवी झाली. वेग २० च्या आसपास असावा. क्लचची दांडी वाकली, एक इंडिकेटर फुटला, गुडघ्याच्या पॅडने गुडघा वाचवला. ब्रेकचे काम वळणात शिरण्यापूर्वी संपवायचे असते हे मला ठाऊक होते, तरी ते मी केले नाही; दोष सर्वस्वी माझा. तरीही गाडी उभी करून कडेला बसलो असताना एक प्रश्न सुटेना : आधीच्या वळणांवर रस्ता इतका कोरडा आणि स्वच्छ असताना खडी नेमकी इथेच का?

उत्तर समोरच होते. वळणाच्या पोटात एक मोरी होती आणि ती पाचोळ्याने तुंबलेली होती. डोंगराच्या अंगाने जाणारा रस्ता दोन प्रकारची वळणे घेतो. जिथे डोंगराची सोंड पुढे आलेली असते तिथे तो सोंडेला वळसा घालून बाहेर येतो, आणि जिथे ओढा उतरतो तिथे तो आत शिरून ओढा ओलांडतो. आतल्या वळणात पाणी येते, पाण्याबरोबर माती आणि खडी येते, मोरी तुंबली की ती सारी रस्त्यावर पसरते, आणि दोन्ही बाजूंनी उतार व झाडी असल्यामुळे ऊन उशिरा पोचून ओल टिकते. बाहेरच्या वळणावरचे पाणी दोन्हीकडे निघून जाते आणि वारा-ऊन भरपूर असते, म्हणून डांबर कोरडे राहते. दृष्टीचा हिशेब मात्र याच्या नेमका उलट आहे. आतल्या वळणात शिरताना ओढ्यापलीकडची रस्त्याची दुसरी बाजू उघडी दिसते आणि समोरून कोण येत आहे हे आधीच कळते; बाहेरच्या वळणावर डोंगरच आड येतो आणि पुढचे काहीही दिसत नाही. थोडक्यात, जिथे दिसते तिथे चाक धरत नाही, आणि जिथे चाक धरते तिथे दिसत नाही. त्रिज्येचा आकडा दोन्ही वळणांना सारखेच गुण देतो.

समोच्च रेषांच्या नकाशावर हा भेद घरबसल्या दिसतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात २ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर, आणि रेषा ज्या टोकांनी चढाकडे वळतात ते ओढे, ज्या टोकांनी उताराकडे वळतात त्या सोंडा. आता मी रस्ता निवडताना पेन्सिलीने आतल्या वळणांवर ठिपका आणि बाहेरच्या वळणांवर फुली करतो. ठिपके दाट असतील तर पाऊस पडून गेल्यावर आठवडाभर त्या रस्त्याला हात लावत नाही. फुल्या दाट असतील तर तो रस्ता रहदारी कमी असण्याच्या दिवशीच धरतो. धारेवरून, म्हणजे डोंगराच्या माथ्यावरून जाणारे रस्ते या दोन्ही दुखण्यांतून बहुतेक सुटतात : त्यांना ओढे ओलांडावे लागत नाहीत, पाणी दोन्हीकडे उतरते, आणि दोन खोरी एकदम दिसतात. वाऱ्याचा मारा सोसावा लागतो, एवढेच. राहिलेल्या ८ रस्त्यांपैकी ४ धारेवरचे आहेत, आणि वळणांच्या यादीत त्यांतला एकही पहिल्या दहात नव्हता.

दुसऱ्या हंगामात मी दृष्टीची लांबी मोजू लागलो. पद्धत अगदी ओबडधोबड आहे. वळण सुरू होते तिथे गाडी कडेला लावायची, रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळालेल्या दिसतात तो बिंदू हेरायचा, आणि तिथवर पावले मोजत चालायचे; माझे पाऊल ७५ सेंटीमीटरचे आहे. आकडे वहीत आले की वेगाची मर्यादा आपोआप ठरते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारा रायडर धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंतच्या एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जातो, आणि कोरड्या चांगल्या डांबरावर गाडी थांबायला आणखी सुमारे २३ मीटर लागतात. वेग ४० असेल तर हेच आकडे ११ आणि १० होतात, म्हणजे ४० मीटरऐवजी २१ मीटर. दोन गाड्या एकमेकींना ओलांडू शकतील एवढा रस्ता रुंद असेल, तर दिसणाऱ्या अंतरात थांबता आले की पुरे. एकपदरी आडरस्त्यावर मात्र समोरच्यालाही थांबायला जागा लागते, म्हणून दिसणाऱ्या अंतराचा निम्मा भागच आपला. क्रमांक १२ वरच्या बाहेरच्या वळणांवर सरासरी ३५ मीटर दिसते. त्याचे निम्मे १७ मीटर. म्हणजे ताशी ३५ सुद्धा तिथे जास्तच. असा रस्ता वाईट नसतो, परंतु तिथे गाडी चालवण्याची लय कधी बसतच नाही, आणि मी त्याला खोडले ते पडलो म्हणून नव्हे, या आकड्यांमुळे.

झुकण्याचे गणित याच ओघात सांगून टाकतो, कारण रायडरांच्या गप्पांत त्याला नको इतके महत्त्व मिळते. ५० मीटर त्रिज्येचे वळण ताशी ५० ने घेतले तर गाडी सुमारे २१ अंश झुकते, आणि ६० ने घेतले तर सुमारे ३० अंश. वेग पाचव्या हिश्शाने वाढला, टायरला पेलावे लागणारे आडवे बल मात्र ४४ टक्क्यांनी वाढले. परक्या रस्त्यावर, डांबराची खात्री नसताना, एवढी उधारी मी करत नाही.

प्रत्येक रस्ता दोन्ही दिशांनी पाहिल्याशिवाय वहीत पक्का करायचा नाही, असाही नियम आता केला आहे. उतरताना जी वळणे अंगावर येतात तीच चढताना सोपी असतात. वाहतूक ज्या बाजूने चालते तिच्यामुळे एका दिशेला आपण दरीकडे असतो आणि दुसऱ्या दिशेला डोंगराकडे, त्यामुळे दिसणारे अंतरही बदलते. उन्हाचेही तसेच. शहराच्या पश्चिमेकडचा रस्ता धरला तर सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना, दोन्ही वेळा सूर्य पाठीशी राहतो. पूर्वेकडचा धरला तर दोन्ही वेळा डोळ्यांत. या कारणाने मी बरेच दिवस पश्चिमेकडेच झुकलो होतो, पण एका संध्याकाळी समोरून येणारी मोटार माझ्या बाजूला शिरली आणि ध्यानात आले, की सूर्य माझ्या पाठीशी असतो तेव्हा तो समोरच्याच्या डोळ्यांत असतो. आपली सावली आपल्यापुढे लांब पडू लागली, की समोरच्याला आपण दिसत नाही असे धरून चालावे.

दिवसाचा हिशेब आता बराच बसला आहे. माझा चालता सरासरी वेग आडरस्त्यांवर ताशी ३८ किलोमीटरच्या आसपास राहतो, म्हणून प्रत्यक्ष गाडीवर पाच तास धरले तर १९० किलोमीटर होतात, आणि त्याहून मोठे वर्तुळ मी आखत नाही. सर्वांत चांगला रस्ता पहिल्या एक तृतीयांश भागात येईल अशी आखणी करतो : तोवर टायर आणि अंग दोन्ही तापलेले असतात, आणि डोळे अजून थकलेले नसतात. टाकी अर्धी झाली की पुढे जाण्याऐवजी परतीचा विचार सुरू करतो. घरून निघण्यापूर्वी, टायर गार असतानाच त्यांची हवा तपासतो. टायरच्या कडेवरचे चार आकडेही आता पाहायला शिकलो. पहिले दोन आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दाखवतात, आणि माझा मागचा टायर मी समजत होतो त्यापेक्षा तीन वर्षांनी म्हातारा निघाला. तो बदलला.

उरलेल्या ९ रस्त्यांपैकी ३ असे आहेत, ज्यांना समांतर नवा सरळ रस्ता झाल्यामुळे ते ओस पडले आहेत. यांच्याकडून माझ्या सर्वाधिक अपेक्षा आहेत, कारण त्यांची रुंदी आणि वळणे एके काळच्या मोठ्या वाहतुकीसाठी बेतलेली असतात आणि दृष्टीची लांबीही त्या बेताने मिळते. डांबराची निगा कोणी राखत आहे का, तेवढे पाहायचे. क्रमांक १९ आणि २४ यांवर ठिपके फार दाट आहेत, त्यामुळे ते जमीन पुरती वाळल्यावर. क्रमांक ४ वहीत आहे खरा, पण तो मी चढानेच दोनदा गेलो आहे, उताराने एकदाही नाही. येत्या रविवारी तो उलट्या दिशेने जाऊन त्याच्या १४ बाहेरच्या वळणांची पावले मोजायची आहेत.